सरपण : झाड, ओल आणि चूल

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, पुणे–सोलापूर महामार्गावर टेंभुर्णी हे मोठे व वर्दळीचे गाव आहे. टेंभुर्णी हे एका झाडाचेही नाव होय. ज्याच्या पानांत विडी वळली जाते व ज्याचे लाकूड कठीण आणि जळणास उत्तम समजले जाते, ते हे झाड. आज गावाच्या शिवारात मात्र नजर जाईल तिथे ऊस दिसतो. येथून जवळच भीमा नदीवर बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर कालव्यांचे आणि उपशाचे पाणी आले, ज्वारी-तुरीच्या शेजारी ऊस उभा राहिला, आणि पीक बदलले तसे घरातील जळणही बदलले. पूर्वी ओढ्याकाठच्या बाभळी, बांधावरचे लिंब आणि रानातील तुराट्या यांवर वर्ष निघत असे. आता घरात गॅसची शेगडी आहे, परसात चूल आहे, न्हाणीघरात तांब्याचा बंब आहे. आणि या तिन्हींचा मेळ घालणे हे गृहिणीचे रोजचे काम होऊन बसले आहे.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गॅस खेड्यातील स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला, ही गोष्ट निर्विवाद आहे. तरीसुद्धा सरपण संपले नाही. चहा आणि भाजी गॅसवर, भाकरी चुलीवर, आणि अंघोळीचे पाणी लाकडावर, अशी विभागणी ग्रामीण भागातील अनेक घरांत आढळते. थंड प्रदेशात लोक घर उबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पंधरा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरला, की लाकूड जळते ते मुख्यतः बंबात आणि अंगणातील शेकोटीत. खोली तापविण्याचा प्रसंग येतो तो बाळंतिणीच्या वेळी. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. हे लाकूड कोणते असावे, याचा विचार आपण क्वचितच करतो. जे हाताशी येते ते जाळतो, आणि त्याची किंमत पैशात, वेळेत व डोळ्यांतील पाण्यात मोजतो.

वजनाचा हिशेब आणि ट्रॉलीचा हिशेब

कोणत्या झाडाचे लाकूड अधिक उष्णता देते, असे विचारल्यास बहुतेक जाणकार बाभळीचे नाव घेतील. ते खरे आहे, पण एका मर्यादेत. पूर्णपणे वाळलेले कोणतेही लाकूड घेतले, तर एका किलोपासून सुमारे ४,३०० ते ५,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. बाभूळ या पट्ट्याच्या वरच्या बाजूस आहे, मऊ लाकडाची झाडे खालच्या बाजूस. परंतु किलोमागे फरक फार मोठा नाही. खरा फरक आहे तो घनतेत. बाभळीचे वाळलेले लाकूड घनमीटरला सुमारे ७०० ते ८०० किलो भरते. पांगाऱ्याचे तेवढेच लाकूड त्याच्या निम्मेही भरत नाही. म्हणून पांगाऱ्याची ट्रॉली तेवढ्याच बाभळीच्या ट्रॉलीच्या निम्मीही उष्णता देत नाही, मग ती कितीही उंच रचलेली असो.

यातून खरेदीचा एक साधा नियम निघतो. वखारीतून वजनावर सरपण घ्यावयाचे असेल, तर जातीपेक्षा ते किती वाळले आहे हे पाहावे. ट्रॉलीवर, बैलगाडीवर किंवा मोळीवर सौदा असेल, तर जात अवश्य पाहावी. व्यवहारात बऱ्याचदा नेमके उलटे घडते. वजनावर घेताना लोक बाभळीचा आग्रह धरतात आणि ती ओली आहे याकडे दुर्लक्ष करतात; ट्रॉलीवर घेताना मात्र ढीग किती उंच आहे एवढेच पाहतात.

लाकडाच्या भावाने पाणी

नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. असे एक क्विंटल लाकूड विकत घेणाऱ्याने पन्नास किलो पाणी लाकडाच्या भावाने घेतलेले असते. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. चुलीत घातल्यावर ते पाणी आधी तापते, मग त्याची वाफ होते, आणि या कामी प्रत्येक किलो पाण्यामागे सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. हिशेब मांडून पाहू. शेकडा १५ ओल असलेल्या, म्हणजे चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे ३,७०० किलोकॅलरी उष्णता मिळते. शेकडा ५० ओल असलेल्या एक किलोपासून ती जेमतेम १,९०० मिळते. बाभळीची जागा लिंबाने घेतली तर किलोमागे थोडेसे नुकसान होईल; वाळलेल्याची जागा ओल्याने घेतली तर निम्मे होईल.

आता हाच हिशेब अंघोळीच्या पाण्याला लावू. पाच माणसांचे कुटुंब, प्रत्येकी वीस लिटर पाणी, आणि ते वीस अंशांवरून चाळीस अंशांवर न्यावयाचे, असे धरले तर पाण्यात २,००० किलोकॅलरी उष्णता जावयास हवी. परसातील साध्या उघड्या चुलीवर लाकडाच्या उष्णतेपैकी सुमारे दहावा भागच पातेल्यात पोहोचतो. बाकीची वाऱ्यावर जाते. म्हणजे रोज वाळलेले साडेपाच किलो किंवा ओले दहा किलोंहून अधिक लाकूड लागेल. बंबात जाळाची नळी पाण्याच्या मधून जाते, त्यामुळे उष्णता अधिक उपयोगी पडते. ती चौथा हिस्सा पडते असे धरले, तर वाळलेल्या सव्वादोन किलोंत काम भागेल. चार महिन्यांच्या थंडीत उघडी चूल साडेसहा क्विंटल सरपण घेते, तर बंब पावणेतीन क्विंटलांच्या आत राहतो. आजोबांच्या काळातील तांब्याचा बंब मोडीत काढून अंगणात तीन दगडांवर पातेले ठेवणाऱ्या घरांनी हा आकडा एकदा पाहावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी छपरावर सौर बंब बसविणे यापेक्षाही चांगले. सोलापूरच्या उन्हाची तक्रार आपण वर्षभर करतो, त्याचा एवढा तरी उपयोग व्हावा.

ओल्या लाकडाचा दुसरा तोटा पैशात मोजता येत नाही. पाणी उडविण्यात उष्णता गेल्यामुळे जाळ थंड राहतो, लाकडातून निघालेले वायू पुरते जळत नाहीत आणि त्यांचा धूर होतो. फुंकणीने जाळ धरून ठेवणाऱ्या बाईच्या छातीत तो धूर सकाळ-संध्याकाळ जात असतो, आणि तिच्या कडेवर मूल असेल तर त्याच्याही. घरातील अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख लोकांना मृत्यू आला, आणि त्यात पाच वर्षांखालील बालके २ लाख ३७ हजारांहून अधिक होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सुके सरपण धूर पूर्णपणे थांबवीत नाही. तो पुष्कळ कमी मात्र करते, आणि तेही कोणत्याही नव्या खर्चाशिवाय.

लाकूड वाळले आहे किंवा नाही हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. वाळलेल्या ओंडक्याच्या टोकांना मधून कडेकडे जाणाऱ्या भेगा पडतात. साल नखाने सुटते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर टणटणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज भद्द असतो. जळताना मागच्या टोकातून फेस येऊ लागला, तर ते लाकूड अजून चुलीच्या लायक झालेले नाही असे समजावे.

वाळण्याचा वेग लाकूड किती फोडले आहे यावर ठरतो. ओल सालीतून फार सावकाश बाहेर पडते, फोडलेल्या अंगातून झपाट्याने. मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या करून होळीच्या सुमारास मोकळ्या जागेत रचल्या, तर चैत्र-वैशाखाच्या उन्हात दोन-तीन महिन्यांत त्या उत्तम वाळतात. सबंध ओंडका तसाच पडला तर दुसरा उन्हाळा उजाडला तरी त्याचा गाभा ओलसर राहू शकतो. म्हणून फोडण्याचे काम थंडी येईपर्यंत पुढे ढकलू नये. मृगाच्या आधी सरपण फोडून, वाळवून, आडोशाला गेलेले असावे. ढीग जमिनीला टेकवू नये, खाली दगड किंवा फरशीचे तुकडे घालावेत, नाहीतर वाळवी त्याचा ताबा घेते. तो घराच्या भिंतीपासून दूरही असावा. सरपणाच्या ढिगात विंचू आणि साप आसरा घेतात, आणि पहाटेच्या अंधारात काटक्या काढणारा हात बहुधा घरच्या बाईचा किंवा मुलाचा असतो. आधी काठीने ढीग हलवावा, मग हात घालावा.

झाडाझाडांचे गुण

बाभळीचा मान अजून टिकून आहे. तिचा जाळ सावकाश आणि सारखा चालतो, निखारे भरीव पडतात व बराच वेळ तग धरतात. भाकरी तव्यावरून काढून जाळाच्या तोंडाशी उभी करावयाची असेल, तर असे निखारे हवेत. पण बाभळीचा सरळ सोट कधीच चुलीत जात नसे. तो सुताराकडे जाई, त्याची औते आणि गाडीची चाके होत, शेंगा शेळ्यांना पडत, आणि फांद्या तेवढ्या सरपणाला येत. ही वाटणी शहाणपणाची होती. हिवर आणि बोर यांचे लाकूडही असेच वजनदार व कडक जाळाचे असते. काट्यांचा त्रास सोसण्याची तयारी तेवढी हवी.

लिंबाचे लाकूड मध्यम प्रतीचे. परंतु बांधावरच्या लिंबाची सावली, निंबोळी आणि पाला यांचा विचार केला, तर तो सरपणासाठी पाडणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. वाळलेल्या फांद्या उतरवून घ्याव्यात, झाड उभे ठेवावे. चिंच, आंबा आणि जांभूळ यांच्याबाबत तर कायदाच आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत ही झाडे आहेत व ती स्वतःच्या शेतातील असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तोडीपूर्वी वन खात्याकडे चौकशी केलेली बरी.

सुबाभूळ हे १९७० व १९८० च्या दशकांतील उत्साहाचे झाड. पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे मणिभाई देसाई यांनी उभ्या केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने तिचा महाराष्ट्रात मोठा प्रसार केला. लवकर वाढणारी, जनावरांना चारा देणारी, तोडल्यावर पुन्हा फुटणारी ही झाडे सामाजिक वनीकरणातही रस्त्याकडेला व पडीक जमिनीवर लागली. जळण म्हणून तिचे लाकूड चांगले आहे, जाळ झटकन धरते, पण बाभळीइतके निखारे टिकत नाहीत. बंबाला ती उत्तम, कारण तेथे निखाऱ्यापेक्षा ज्वाळेचे काम अधिक असते. निलगिरी ओली असतानाच फोडून घ्यावी. वाळल्यावर तिच्यावर कुऱ्हाड चालविणे ही शिक्षाच असते.

शेवगा, पांगारा आणि एरंड यांचे लाकूड भुर्रकन जळून जाते. चूल पेटविण्यापुरते ते ठीक. कण्हेर मात्र कोणत्याही कारणाने चुलीत घालू नये. तिचे सर्व भाग विषारी आहेत आणि धूरही घातक असतो. शेराचा चीक डोळ्यांना इजा करतो, म्हणून कुंपणाचा शेर तोडून सरपणात टाकण्याची सवय मोडावी. रंग दिलेल्या जुन्या चौकटी, प्लायवूडचे तुकडे आणि पेटविण्यासाठी घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या यांचा धूरही तितकाच वाईट. हायवेवरच्या गावात या वस्तू फुकट मिळतात, म्हणून त्या चुलीपर्यंत पोहोचतात.

रानातून येणारे जळण

तुराट्या, पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटे आणि मक्याची कणसे यांना कमी लेखण्याचे कारण नाही. तुराटी ही तर काटकी जातीतील राणीच म्हणावी लागेल; ती लवकर वाळते, स्वच्छ जळते, आणि तिच्यासाठी झाड पाडावे लागत नाही. मात्र तिचा जाळ चटकन उतरतो, म्हणून चुलीपाशी एक माणूस बसून राहावा लागतो. भाकरीला, जेथे माणूस असतोच, ती योग्य. तासभर पाणी तापविण्यास तुराटी पेटवून वर एक-दोन जाड ढलप्या ठेवाव्यात.

उसाच्या पाचटाने मोठी निराशा केली आहे. एका हेक्टरमधून ते टनांनी निघते, पण चुलीत घातले तर एका भडक्यात संपते. म्हणून ते रानातच पेटवून देण्याची वाईट प्रथा पडली. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याची भट्टी तयार केली व त्या कामास २००२ मध्ये ॲश्डेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या गावात बचत गट असे काम अंगावर घेतील तेथे त्याचा अवश्य विचार व्हावा. एरवी पाचट सरीत आच्छादन म्हणून राहू देणे हाच त्याचा सर्वांत किफायतशीर उपयोग होय. ते ओल धरून ठेवते, आणि पुढे कुजून खत होते.

गोवऱ्यांचा जाळ मंद असतो व राख फार पडते. लाकडाहून त्या किलोमागे बऱ्याच कमी उष्णता देतात. हुरड्याच्या आगटीला गोवरीच हवी, कारण कणीस करपू न देता भाजावयाचे असते. परंतु रोजच्या पाण्यासाठी शेण जाळणे म्हणजे रानाचे खत जाळणे. दोन-चार जनावरे असलेल्या घरी शेण गोबर गॅसला गेले, तर गॅसही मिळतो आणि खतही राहते.

बाळंतिणीची खोली

प्रसूतीनंतर आई व बाळ यांना ऊब हवी, म्हणून बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवणे, बाजेखाली शेक देणे आणि ओवा-बाळंतशोपांची धुरी करणे ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. थंडीपासून नवजात बालकाचे रक्षण झाले पाहिजे, हा त्यामागील विचार बरोबरच आहे. धोका आहे तो साधनात. निखारे धूर देत नाहीत, म्हणून ते निरुपद्रवी आहेत असा समज आहे. वस्तुतः जळून लाल झालेल्या कोळशातूनच कार्बन मोनॉक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणात निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला तर एवढेही कळत नाही. येथे लाकडाची कोणतीही जात उपयोगी पडत नाही. बाभळीचे उत्तम निखारे उलट अधिक वेळ धुमसत राहतात.

म्हणून शेगडी खोलीत ठेवून दार लावून झोपू नये, हे आशा कार्यकर्तीने, शिक्षिकेने, घरातील वडील स्त्रियांनी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, डोक्याला टोपडे, अंगावर कोरडी दुपटी, आणि वारा थेट लागू न देणे यांनी ऊब मिळते. आईला शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी किंवा बाहेर तापवून आणलेली वीट कापडात गुंडाळून द्यावी. ती बाळापासून दूर ठेवावी. बंबाचेही तेच. बंब न्हाणीघरात पेटविला असेल तर झडप उघडी हवी आणि धुराडे छपराबाहेर गेलेले हवे. पाणी काढून घेतल्यावर विस्तव बाहेर नेऊन मगच अंघोळीस बसावे.

शाळेतील एक प्रयोग

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज आणता येईल. एकाच झाडाच्या छाटलेल्या फांदीचे एक किलोचे दोन भाग घ्यावेत. एक सबंध ठेवावा, दुसरा चार चिरफळ्या करून ठेवावा. दर शनिवारी मुलांनी दोन्हींचे वजन करून फळ्यावर लिहावे. फोडलेल्या भागाचे वजन आधी वेगाने आणि मग सावकाश उतरत जाऊन एका आकड्यावर थांबेल. सबंध भाग तेव्हा अजून उतरतच असेल. मग मैदानात, शिक्षकांनी स्वतः, दोन सारख्या चुलींवर दोन-दोन लिटर पाणी ठेवून एकीखाली अर्धा किलो वाळलेले व दुसरीखाली अर्धा किलो ओले लाकूड जाळावे. पहिल्या पातेल्यास उकळी येईल, दुसऱ्यास बहुधा येणार नाही. गणित, विज्ञान आणि घरकाम यांची एवढी स्वस्त सांगड दुसरीकडे क्वचितच मिळेल. मुले घरी जाऊन परसातील ढिगाकडे वेगळ्या नजरेने पाहतील, आणि ते घरच्यांना सांगितल्यावाचून राहणार नाहीत.

गायरानातील वेडी बाभूळ

आता पंचायत सदस्यांसाठी. मूळची अमेरिका खंडातील वेडी बाभूळ एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात आणली गेली. दुष्काळी मुलखात हिरवळ आणि जळण देणारे झाड म्हणून तिचे स्वागत झाले. पुढे ती गायराने, ओढे आणि तलावांचे काठ व्यापत गेली. गुजरातेतील कच्छच्या बन्नीचा विस्तीर्ण गवताळ पट्टा तिने कसा गिळला, हे सर्वश्रुत आहे. जनावरे शेंगा खातात, बी शेणातून दूरवर पसरते. काटा पायात मोडला तर आठवडाभर कामाचा खाडा होतो. पण तिचे लाकूड घट्ट, भरपूर उष्णता देणारे आणि अर्धवट वाळले तरी बऱ्यापैकी पेटणारे आहे. तोडून संपविण्याची गरज असलेले आणि जळणाला उत्तम असलेले असे दुसरे झाड या भागात नाही.

ग्रामपंचायतीने गायरानाचे चार-पाच भाग पाडून दरवर्षी एक भाग साफ करण्याचा ठराव केला, तर गावातील भूमिहीन कुटुंबांना सरपण मिळेल आणि गवताला जागाही होईल. यात एक गोष्ट हमखास चुकते. झाड जमिनीबरोबर कापले की पुढच्या पावसात त्याच बुंध्यातून दहा फुटवे येतात आणि जाळी आधीपेक्षा दाट होते. बुंधा खणून, मुळाचा वरचा गाठीसारखा भाग काढला तरच काम पुरे होते. खणणे कष्टाचे असल्याने ठेकेदार ते टाळतो, वरचे लाकूड नेतो आणि खोड तसेच ठेवतो. म्हणून लिलावाच्या अटींत बुंधा काढणे स्पष्ट लिहावे व अनामत रकमेचा परतावा पुढचा पावसाळा उलटून फुटवे आले नाहीत हे पाहिल्यावरच करावा. साफ झालेल्या तुकड्यावर त्याच पावसात गवताचे बी आणि कडेने बाभूळ, लिंब, बोर यांची लावण करावी. जागा मोकळी राहिली तर वेडी बाभूळच पुन्हा ती भरून काढते.